बाकडं कुणाचं?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी बघायला गेलेला माणूस पाच-सहा लेणी चढून झाली की कुठंतरी टेकतो. तो टेकतो ती जागा पुष्कळदा टेकण्यासाठीच कोरलेली असते. लेण्याच्या ओसरीत, आत शिरायच्या दाराजवळ, खडकातूनच काढलेलं लांबट बाक. सुट्टीच्या दिवशी त्यावर डबे उघडलेले असतात, पोरं बूट काढून आतले खडे झटकत असतात. भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे फारसं कुणी बघत नाही. खरं तर ती वाचण्यासारखी आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांमध्ये लेणं दिलं, पाण्याची पोढी दिली, वाट करून दिली अशा नोंदींच्या जोडीला ‘आसनपेढिका’ दिल्याच्याही नोंदी आहेत. आसनपेढिका म्हणजे बसायची बाकं. कान्हेरीचे दाते कल्याण, सोपारा, चौल या गावांकडचे व्यापारी, सोनार, लोहार असे लोक. सातवाहनांच्या काळाच्या आसपास कुणीतरी पदरचे पैसे घालून दाराशी बसायची सोय केली आणि ती देऊन टाकली.

दिली कुणाला, तर चारी दिशांच्या भिक्षुसंघाला. त्यात आलेले भिक्षू आले आणि पुढं कधी येणारेही आले. विनयपिटकाच्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथाच्या, हिशेबात खाट, बाक, गादी, उशी या संघाच्या जड वस्तू. त्या कुणा एका भिक्षूच्या होत नाहीत आणि खुद्द संघालाही त्या वाटून टाकता येत नाहीत. देणाऱ्याचं नाव भिंतीवर, मालकी कुणा एकाची नाही, बसायला सगळ्यांना मुभा. आपल्याकडे देवळाच्या पंख्याच्या पात्यांवर आणि बागेतल्या बाकांच्या पाठीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ रंगवतात त्याची लोक चेष्टा करतात, पण ही चाल अशी जुनी आहे, आणि तिच्यात एक सरळपणा आहे. नाव लिहून झालं की देणाऱ्याचा बाकाशी संबंध संपला. घरगुती भेटीत तो असा संपत नाही. आणि भेट स्वतःच्या हातानं केलेली असली तर गुंता आणखीच वाढतो.

उदाहरणाला एक छोटं लाकडी बाकडं घेऊ. भाचीनं नवा फ्लॅट घेतला आहे. दार उघडलं की चार फुटांचा पॅसेज, चपलांचं कपाट, आणि सँडलचा पट्टा लावताना एका पायावर उभं राहून भिंतीला हात टेकणारी माणसं. भिंतीवर त्या हातांचे मळकट ठसे. कोकणातल्या घराला पडवी होती, देशावरच्या वाड्याला ओसरी होती, गोव्यातल्या जुन्या घरांना पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना बांधीव बैठकी असलेला बाल्कांव होता. पायताण काढणारा, पत्र घेऊन आलेला पोस्टमन, काही काम नसताना आलेला शेजारी, सगळे तिथं टेकत. फ्लॅटमध्ये दार उघडलं की थेट घर. म्हणून सुतारकामाची हौस असलेला मामा ठरवतो की वास्तुशांतीला मिक्सर द्यायचा नाही, दाराशी ठेवायला बाकडं करून द्यायचं.

माप साधारण ठरलेलं. तीन फूट लांब, फूटभर रुंद, अठरा इंच उंच, वरची फळी सव्वा इंच जाडीची. लाकूड जमलं तर जुनं सागवान, म्हणजे पाडलेल्या घरांच्या तुळया आणि चौकटी विकायला येतात त्यातलं. अशा तुकड्यात जुन्या खिळ्यांची काळी भोकं असतात. एखादा खिळा आत तुटून राहिलेला असतो आणि तो रंध्याच्या पात्याला दात पडल्यावरच कळतो. दोन-तीन हात रंधा फिरला की वरचा करडा थर जातो, खालचं सोनेरी-तपकिरी लाकूड दिसतं आणि खोलीभर सागाचा तेलकट वास सुटतो. मग पायाच्या टोकाला चौकोनी जीभ काढायची, फळीखालच्या पट्टीत पटाशीनं तिच्याच मापाचं भोक पाडायचं, आणि दोन्ही अशी बसवायची की हातानं ढकलून जाणार नाहीत, पण घणही घालावा लागणार नाही. वरची फळी मात्र आवळून जखडायची नसते. फूटभर रुंदीची फळी पावसाळ्यात सूतभर फुगते आणि उन्हाळ्यात तेवढीच आकसते. चहूबाजूंनी स्क्रू पिळून तिला हलायला जागाच ठेवली नाही तर ती तडकते. म्हणून पट्टीतली स्क्रूची भोकं थोडी लांबट करतात. नवशिक्याला हे पटत नाही, त्याला घट्ट म्हणजे मजबूत वाटतं.

बाकडं तयार झालं की खरा प्रश्न पुढं येतो. ज्यानं कित्येक रविवार त्यात घातले, त्यानं ते देऊन टाकलं म्हणजे नेमकं काय केलं? एक वस्तू दिली, की स्वतःचा एक हिस्सा दुसऱ्याच्या घरात कायमचा बसवून ठेवला?

आपल्या धर्मशास्त्रकारांनी दानाचा विचार वकिली काटेकोरपणानं केला आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानं दानाचे दोन भाग सांगितले. देणाऱ्याचं स्वामित्व संपलं पाहिजे आणि घेणाऱ्याचं उत्पन्न झालं पाहिजे, आणि हा दुसरा भाग घेणाऱ्यानं स्वीकार केल्याखेरीज होत नाही. बंगालच्या जीमूतवाहनाला हे मान्य नाही. त्याच्या मते देणाऱ्यानं अमक्यासाठी म्हणून सोडलं की मालकी बदलली, घेणाऱ्याच्या होकारावर ती अडत नाही. हा नुसता शब्दांचा कीस वाटेल, पण हातानं भेटवस्तू करणाऱ्याला हा वाद आतून माहीत असतो. बाकडं टेम्पोत चढवलं तेव्हाच सुटलं, की भाची ‘वा!’ म्हणाली तेव्हा?

विज्ञानेश्वर इथंच थांबत नाही. स्वीकाराचे तो तीन प्रकार करतो: मनानं, वाचेनं आणि कायेनं. गाय दान घेणारा तिचं शेपूट हातात धरतो तो कायेनं केलेला स्वीकार. बाकाचा कायेनं स्वीकार कसा करायचा हे सांगायला पंडित लागत नाही. वाचेचा स्वीकार तर सगळेच करतात. ‘किती सुंदर! कशाला एवढा त्रास घेतलास?’ हे वास्तुशांतीला कुणीही म्हणेल (त्यातलं ‘कशाला’ कधीकधी मनापासून विचारलेलं असतं). वर्षभरानं त्यावर कुणी बसतं का, हीच विज्ञानेश्वराच्या बाजूनं किंवा विरुद्ध लागणारी साक्ष. प्रस्तुत लेखकाचं मत विज्ञानेश्वराकडे झुकतं. बसणारा नसेल तर ते बाकडं देणाऱ्याचंच राहिलं, फक्त पत्ता बदलला.

दानावर या मंडळींनी किती लिहून ठेवलंय याचा अंदाज हवा असेल तर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा दानखंड उघडावा. नाहीतर महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा 1941 साली निघालेला दुसरा खंड. त्यांत तुळादानापासून शय्यादानापर्यंत सगळं आहे. गंमत अशी, की आपल्या घरांत आसनाची भेट रीतसर दिली जाते ती माणूस गेल्यावर. गरुडपुराणात मृतासाठी द्यायच्या ‘पददाना’त छत्री, पायताण, वस्त्र, अंगठी, कमंडलू, आसन आणि भांडं अशा सात वस्तू आहेत. यमाच्या वाटेवर चालणाऱ्याला ऊन लागू नये, पाय पोळू नयेत, दमला तर टेकता यावं, हा त्यामागचा विचार. पायताण आणि आसन एकाच यादीत आले आहेत, म्हणजे चपला घालणाऱ्याला बसायला लागतं हे पुराणकाराच्या चांगलं लक्षात होतं. जिवंत भाचीच्या बाबतीत ते लक्षात यायला आपल्याला फ्लॅटमधली मळकी भिंत बघावी लागली.

आता दुसरी बाजू. अमेरिकन निबंधकार इमर्सन यानं 1844 साली भेटवस्तूंवर एक छोटा निबंध छापला. त्यात त्याचा आग्रह असा, की भेट द्यायची तर स्वतःचा अंश द्यावा. कवीनं कविता द्यावी, मेंढपाळानं कोकरू. दुकानातून आणलेली वस्तू त्याला थंड वाटते. यज्ञात आहुती टाकणारा यजमान ‘न मम’, म्हणजे ‘हे माझं नाही’, म्हणून हात झटकतो, आणि इमर्सन सांगतो की हात आत घाला, खोलवर घाला. हातानं केलेल्या बाकड्याला दोन्ही अटी लागू होतात, इथंच सगळी अडचण आहे. स्वतःला ओतल्याशिवाय सांधा बसत नाही, आणि ओतलेलं काढून घेतल्याशिवाय दान होत नाही. इमर्सन प्रामाणिक माणूस होता. देणाऱ्याला आपण मनातून पूर्ण माफ करत नाही, हेही त्यानं त्याच निबंधात मांडलं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यानं 1925 साली याच गोष्टीचा माग न्यूझीलंडच्या माओरी लोकांपर्यंत काढला. त्यांच्या समजुतीप्रमाणे दिलेल्या वस्तूत एक ‘हाऊ’ असतं आणि ते मूळ जागी परत जायला बघतं, म्हणून परतफेड चुकत नाही. मोसनं त्याच लेखनात महाभारताच्या अनुशासनपर्वातले दानाचे नियमही धुंडाळले आहेत. त्यालाही दिसलं की ब्राह्मणाला घेण्याची भीती घालणारे नियम देण्याचं पुण्य सांगणाऱ्या नियमांइतकेच ठासून सांगितलेले आहेत.

अशा भेटींचं पुढं काय होतं याचे दोन नमुने, योगायोगानं दोन्ही पायांतले. टॉल्स्टॉय उतारवयात चांभारकाम शिकला आणि बूट शिवू लागला. कवी अफानासी फेत यानं त्याच्याकडून बूट करून घेतले, सहा रूबल मोजले आणि तसं प्रमाणपत्रही लिहून दिलं. व्यवहार फिटला. जावई सुखोतिन याला मात्र बूट भेट मिळाले, आणि त्यानं ते पायात न घालता टॉल्स्टॉयच्या ग्रंथांच्या रांगेत पुढचा खंड म्हणून फळीवर मांडले, असा किस्सा सांगतात. विनोद चांगला आहे, पण बूट वाया गेले.

दुसरा नमुना दक्षिण आफ्रिकेतला. गांधीजी चपला करायला हर्मन कॅलनबाख यांच्याकडून शिकले होते, आणि कॅलनबाख ते ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात शिकून आले होते. तुरुंगात असताना गांधीजींनी एक जोड केला आणि 1914 साली आफ्रिका सोडताना तो जनरल स्मट्स यांना पाठवला. म्हणजे ज्यानं आत टाकलं त्यालाच. स्मट्स यांनी तो जपून काचेत ठेवला नाही. शेतावरच्या घरी कितीतरी उन्हाळे तो पायात वापरला, आणि 1939 साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाला परत पाठवताना लिहिलं की एवढ्या थोर माणसाच्या जोड्यात उभं राहण्याची आपली योग्यता नाही. कायेनं स्वीकार याहून जास्त कसा करायचा? मोसचं ‘हाऊ’ पंचवीस वर्षांनी घरी आलंच, पण मधली पंचवीस वर्षं ते स्मट्सच्या पायांखाली होतं.

भेट वापरली जावी तर ती घेणाऱ्याच्या अंगाला बसली पाहिजे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्र बघायला सांगितलं आहे. स्मृतींमध्ये पात्राची चर्चा बहुतेक वेळा घेणारा वेद शिकलेला आहे का या अंगानं जाते, पण बाकडं करणाऱ्यानं ती गुडघ्यापासून सुरू करावी. घरात सांधे दुखणारी सासू असेल तर सोळा इंचाचं ठेंगणं बाकडं दिसायला गोड आणि उठायला अवघड. तिला एकोणीस-वीस इंच लागतील, आणि एका बाजूला हात टेकायला काहीतरी. पाच वर्षांच्या नातवाचे पाय त्याच बाकड्यावर लोंबकळतील. दोघांत कुणाचं माप धरायचं हा सुतारकामाचा प्रश्न आहे तसाच धर्माचाही.

विनयपिटकात बाकाच्या उंचीचा नियमच आहे. शाक्य कुळातला उपनंद नावाचा भिक्षू उंच खाटेवर झोपे. बुद्ध फेरी मारत आले तेव्हा त्यानं ती हौसेनं दाखवली, ‘बघा माझी खाट!’ त्यावरून नियम झाला की नवी खाट किंवा बाक करताना पाय सुगताच्या, म्हणजे बुद्धाच्या, मापानं आठ अंगुळांपेक्षा उंच ठेवू नयेत, आणि ठेवले असतील तर कापून टाकावेत. अपराध भारी नाही, कबुली दिली की सुटतो. पण कापायचं म्हणजे कापायचंच. उपनंदाला तोशीस पडली ती लाकडापेक्षा ‘माझी’ या शब्दामुळे.

‘माझं’ म्हणायचा हक्क करणाऱ्याला तरी कितपत आहे? उज्जैनचा वराहमिहिर सहाव्या शतकात ‘बृहत्संहिता’ लिहितो, तेव्हा खाटा आणि आसनांना एक अख्खा अध्याय देतो. साग, शिसम, शिवण, देवदार, चंदन ही लाकडं चालतात. वीज पडलेलं, हत्तीनं मोडलेलं, मधाचं पोळं किंवा पक्ष्यांची घरटी असलेलं, स्मशानातलं झाड चालत नाही. पायाचं लाकूड झाडावर जसं उभं होतं तसंच लावायचं, शेंड्याकडची बाजू खाली गेली तर मालकाच्या पायाला दुखणं. दोन पाय उलटे गेले तर अन्न पचत नाही, आणि चारही उलटे गेले तर काय होतं ते इथं न सांगितलेलं बरं. मूर्तीसाठी झाड तोडायचं तर आधी त्यात राहणाऱ्या भूतांना बळी देऊन, कृपा करून दुसरीकडे राहायला जा, अशी विनंती करायची. यातलं शकुनाचं कुणी मानो न मानो, घरट्यांचं झाड वगळण्यामागची समज आजही पटते. भाचीच्या बाकड्याचं लाकूड आधी झाडाचं होतं, मग जंगलातून तोडणाऱ्याचं, मग कुणाच्या तरी वाड्याच्या दाराची चौकट झालं. त्या दारातून लग्नाच्या वराती आणि तिरड्या दोन्ही गेल्या असतील. मामानं त्याला रंधा मारला, त्याआधीच्या लोकांची खिळ्यांची भोकं मात्र तशीच आहेत.

तैत्तिरीय उपनिषदात गुरुकुलातून घरी निघालेल्या शिष्याला शेवटचा उपदेश आहे. थोर माणसं आली तर आसन देऊन त्यांचा शीण घालवावा, हे त्यात आहे. आणि द्यावं कसं याचीही यादी आहे: श्रद्धेनं, ऐपतीप्रमाणे, लाजत, भीत, समजून. लाजत आणि भीत देणं हाती बनवलेल्या भेटीला सगळ्यात अवघड, कारण करणाऱ्याला ती कौतुकानं उलटीपालटी करून सांधा दाखवायचा असतो. कठोपनिषदातली गोष्ट तर दोन्ही टोकं जोडते. वाजश्रवस यज्ञात दूध आटलेल्या गाई दान देत सुटतो, मुलगा नचिकेता त्याला टोकतो, आणि त्यापायी यमाच्या घरी जाऊन पोचतो. यम घरी नाही. मुलगा तीन रात्री उपाशी तिथं थांबतो. परतल्यावर साक्षात यम दचकतो, अतिथीला ताटकळत ठेवल्याबद्दल रात्रीमागे एक असे तीन वर देतो. नचिकेत्याला टेकायला काही होतं का, ते उपनिषद सांगत नाही.

एवढं सगळं वाचून हातकामाचं फार स्तोम माजवायचं ठरवलं, तर पंढरपूर आडवं येतं. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता, दारात देव आला, आणि पुंडलिकानं उठायच्याऐवजी जवळची वीट पाठीमागे फेकली: उभा राहा. वीट त्यानं घडवली नव्हती, घासली नव्हती, बहुधा नीट बघितलीही नव्हती. मराठी माणसाच्या मनात दाराशी दिलेलं याहून मोठं आसन दुसरं नाही. कोणी म्हणेल, पुंडलिकाचे हात कामात होतेच, फक्त दुसऱ्या. ते खरंच आहे, पण त्यानं वस्तूच्या कारागिरीचं महत्त्व वाढत नाही, कमीच होतं. पोलादी नळ्यांचं तयार बाकडं आणून भाचीच्या सासूला उठायला हात देणारा मामा रंधा मारत बसलेल्या मामापेक्षा उणा ठरत नाही. मग रंधा मारावाच कशाला? उत्तर एवढंच, की काहींना तसंच देता येतं. त्यानं पुण्य वाढतं असं कुठल्या ग्रंथात सापडत नाही.

राहता राहिला देऊन झाल्यानंतरचा काळ. वर्षभरानं मामा घरी येतो तेव्हा बाकड्याला निळा ऑइलपेंट दिलेला असतो, नातवासाठी पाय दोन इंच कापलेले असतात, आणि वर वर्तमानपत्रांची रद्दी. मामाच्या तोंडावर वाक्य येतं, ‘सागवानाला रंग देतात का कुणी?’ नारदस्मृती अशा प्रसंगांना ओळखून आहे. तिच्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे दाव्यांच्या प्रकारांत, दिलेलं परत मागण्याचं एक वेगळं प्रकरण आहे, आणि दिलेलं असूनही न दिल्यासारखं धरायचे सोळा प्रकार नारद मोजतो. भयानं दिलेलं, रागात, शोकात, थट्टेत, नशेत दिलेलं, आणि आपलं काहीतरी काम होईल या आशेनं दिलेलंसुद्धा. ‘मी तुला बाकडं करून दिलं आणि तू...’ असं वाक्य ज्याच्या तोंडून निघतं त्यानं आपली भेट स्वतःहून या शेवटच्या सदरात नेऊन टाकली.

काही हौशी सुतार भेटीबरोबर एक कागदही देतात: ओला पेला ठेवू नये, उन्हात ठेवू नये, वर्षातून एकदा जवसाचं तेल लावावं. ही सूचना असेल तर ठीक. अट असेल तर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मामाच्या बाजूनं नाही. देणाऱ्याच्या निव्वळ मर्जीनं मागं घेता येईल असं ठरवून दिलेली भेट त्याच्या 126 व्या कलमानं तेवढ्यापुरती रद्दबातल ठरते. 122 वं कलम विज्ञानेश्वराप्रमाणेच घेणाऱ्याचा स्वीकार मागतं, तोही देणारा हयात असताना. आणि जंगम वस्तूच्या भेटीला नोंदणीचं बंधन नाही, 123 व्या कलमाप्रमाणे वस्तू ताब्यात दिली की काम भागतं. टेम्पोचं भाडं आणि तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्या माणसाचे पैसे कुणी द्यायचे, एवढंच कायद्यानं मोकळं सोडलं आहे. ते मामानं द्यावेत.